खिडकी क्रमांक दोन

मोबाइलवर माझ्या हातून झालेल्या चुकांची यादी लावायची ठरवली, तर ती आमच्या कॉलेजच्या गुणवत्ता यादीपेक्षा लांब होईल. विम्याच्या एजंटाला मी एकदा अंगठ्याऐवजी लाल बदाम पाठवला होता. तेव्हापासून तो गृहस्थ दर दिवाळीला चकल्या घेऊन घरी येतो. पण ज्या चुकीबद्दल मला सांगायचं आहे ती मी भर दुपारी एक वाजता, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून केली.

प्रवेशाचे दिवस होते. खालापूरहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं कॉलेज आहे, तिथे मी हेडक्लार्क. कार्यालयाला दोन खिडक्या. एकीवर मी, दुसरीवर मॅडम. त्या दिवशी मी फायलींच्या कपाटाआडून मॅडमचा एक फोटो काढला. पंचिंग मशीनला टेकवून ठेवलेल्या मोबाइलसमोर त्या हातवारे करत उभ्या आहेत, आणि त्यांच्या टेबलाखालून दोन इवले पाय बाहेर आलेत. एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही. फोटोखाली मी लिहिलं, ‘आमच्या ऑफिसातलं शूटिंग. नटी कॅमेऱ्यापुढे, लेक टेबलाखाली, प्रवेश रामभरोसे. आणि तू मला विचारतेस, एवढे दमता कशाने!’

हा मजकूर बायकोसाठी होता. तो गेला कॉलेजच्या अधिकृत ग्रुपवर. त्या ग्रुपवर प्राचार्य आहेत, सगळे विभागप्रमुख आहेत, संस्थेचे चिटणीस आहेत, आणि जिच्यावर लिहिलं ती नटीही आहे.

चूक माझ्या लगेच लक्षात आली, हे माझं दुर्दैव. लक्षात आली नसती तर निदान पुढची तरी टळली असती. मी घाईघाईने मेसेजवर बोट दाबून धरलं. खाली दोन पर्याय आले. एक, सर्वांसाठी काढून टाका. दुसरा, फक्त माझ्यासाठी. सर्वांसाठी काही करण्याची आपली पात्रता नाही, असं आतून वाटलं की काय कोण जाणे, मी दुसरा दाबला. मेसेज माझ्या मोबाइलवरून नाहीसा झाला. बाकी साऱ्या स्टाफच्या मोबाइलवर तो आहे तिथेच होता. मी मात्र हुश्श करून कॅन्टीनला गेलो आणि चहाबरोबर वडासुद्धा घेतला.

कॅन्टीनवाले भाई त्या ग्रुपवर असतात, कोणाला किती डबे ते कळावं म्हणून. वड्याची बशी पुढे सरकवत ते म्हणाले, “साहेब, फोटो एक नंबर आलाय. पन पोरीचा दुसरा मोजा कुठं गेला?”

तो वडा मी अजून पूर्ण गिळलेला नाही.

*

मॅडमचं नाव मी इथे घेणार नाही. मुलं त्यांना ‘खिडकीवाल्या मॅडम’ म्हणायची आणि त्यांच्या मोबाइलवरच्या चॅनलचं नावही ‘खिडकी क्रमांक दोन’ असंच होतं. वय तिशीच्या आसपास. कुंभिवलीच्या शेतकरी घरातली सून. नवरा रसायनीला कंपनीत, तीन पाळ्यांत फिरणारा. सासूबाई ठणठणीत, पण त्यांचं आणि आमच्या विद्यापीठाचं एक हाडवैर होतं. भाताची लावणी आणि पदवीचे प्रवेश दरवर्षी एकाच वेळी यायचे. सासूबाई चिखलात उतरल्या की चार वर्षांच्या मनूला सांभाळायला घरात कोणी नाही, आणि लावणी नसली तर कापणी, कापणी नसली तर वाल असायचेच. मग बारा वाजता अंगणवाडी सुटली की गावातला एक रिक्षावाला मनूला आमच्या फाटकाशी सोडायचा आणि ती पाठीवर दप्तर घेऊन, कामावर रुजू व्हायला आल्यासारखी, कार्यालयात शिरायची.

“भाऊसाहेब, आली हां मी,” असं मला सांगून ती टेबलाखाली जायची. तिथे तिची चटई, पाण्याची बाटली आणि रद्दीतल्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा.

मॅडमचा मोबाइलचा नाद जबर होता. त्या कशाचाही व्हिडिओ काढायच्या. सासूबाई सुकट निवडतायत, काढ व्हिडिओ. कॉलेजच्या आवारात फणस धरलाय, काढ. मी कानावर पेन ठेवून तेच पेन सगळ्या टेबलावर शोधतोय, तोही काढलेला, आणि त्याला मागे सनईचा आवाज लावलेला. मी रागावलो तर म्हणाल्या, “भाऊसाहेब, लोकांना फार आवडलाय. एक बाई लिहितेय, आमचेबी असेच हायत.”

पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. एकदा कळंबकडची एक मुलगी एका दाखल्यापायी चार खेपा घालून रडत परत गेली. दाखला तिच्या पिशवीतच होता, फक्त त्याला काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. मॅडम खिडकीतून उठल्या आणि सूचनाफलकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. फलकावर मी स्वतः टाइप केलेली सतरा कलमी सूचना होती. ‘उपरोक्त’, ‘तत्सम’ आणि ‘विहित नमुना’ या शब्दांवर माझं फार प्रेम.

“भाऊसाहेब, ही कोण वाचतं?”

“सगळ्यांनी वाचणं अपेक्षित आहे.”

“तुमच्या बायकोने वाचली तर कळेल त्यांना?”

“तिला माझं काहीच कळत नाही.”

“मग नोटीस बोलली पाहिजे,” असं म्हणून त्यांनी मोबाइल पंचिंग मशीनला टेकवला.

त्या दिवसापासून रोज एक मिनिटाची सूचना. तिचं नाव ‘आजची चूक’. खिडकीवर दिवसभरात कोणी काय घोटाळा केला तो सांगायचा. नाव कधी नाही, फक्त ‘एक ताई’ किंवा ‘एक दादा’. आणि भाषा अशी, की माझी सतरा कलमं लाजून फलकावरून उतरावीत. मॅडम कागदांना त्यांच्या नावाने हाक मारायच्याच नाहीत, तोंडवळ्यावरून ओळख करून द्यायच्या. गुणपत्रिका म्हणजे ‘उतरंड’, कारण विषय एकावर एक मडक्यांसारखे रचलेले. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला म्हणजे ‘चाळ’, कारण त्यात आकडे शेजारी शेजारी खोल्या केल्यासारखे राहतात. आणि नॉन-क्रिमिलेअर, ज्याच्या मुदतीपायी निम्मी मुलं अडकतात, ती ‘रुसलेली तारीख’. “बघ गं ताई, सगळा मजकूर वर बसलाय आणि ही एक तारीख खाली कोपऱ्यात एकटीच तोंड फिरवून बसलीय. तिला विचार, तू या वर्षापर्यंत बोलणार हायस का? नाय बोलली, तर तहसीलला जाऊन नवी आण.”

मला हे सगळं फार हलकं वाटायचं. सरकारी दाखल्याला चाळ म्हणायचं! रोज संध्याकाळी मी बायकोला नव्याने गाऱ्हाणं सांगायचो आणि ती पोळ्या लाटता लाटता “हं” म्हणायची.

त्यांच्या कामाची पद्धत बघून कोणालाही घेरी आली असती. डाव्या हाताने मनूची वेणी, मान वाकडी करून खांद्यात धरलेला ऑफिसचा फोन, उजवा हात माउसवर. “हो सर, यादी पाठवते. मान सरळ ठेव! नाही सर, तुम्हाला नाही. तुमची मान सरळच आहे सर.” एकदा त्या डोळे मिटून खुर्चीत ताठ बसलेल्या दिसल्या. मी घाबरून हाक मारली. डोळे न उघडता म्हणाल्या, “तीन मिनिटं, भाऊसाहेब. टायमर लावलाय. काल त्यांची तिसरी पाळी होती आणि मनूचा कान दुखत होता.” तीन मिनिटांनी मोबाइल वाजला, त्या उठल्या आणि पुढच्या मुलाला म्हणाल्या, “दे बाळा, उतरंड दाखव.” मला घरी आठ तास झोपूनही असं ताजं वाटत नाही.

शूटिंगच्या आधी त्या नेहमी टेबलाखाली वाकून मनूशी काहीतरी कुजबुजायच्या. मग टेबलाच्या कडेवर एक छोटा हात यायचा, त्यात एक कागद. मॅडम कागद बघायच्या. कधी मान हलवून शूटिंग सुरू करायच्या, तर कधी “अजून कच्चं आहे” असं पुटपुटून सगळं नव्याने लिहायला बसायच्या. तो हात अधूनमधून व्हिडिओतही दिसायचा. मला वाटायचं, पोरीला रमवताहेत. अकरा महिने मी शेजारी बसलो आणि मला तेवढंच वाटलं.

*

तर आता त्या वड्याकडे परत येतो.

कॅन्टीनमधून कार्यालयात आलो तेव्हा मॅडम खिडकीवरच होत्या. वळून म्हणाल्या, “भाऊसाहेब, उजेडाकडे तोंड करून फोटो काढू नये. माणसं काळी येतात.” बस्स, एवढंच. ‘मी काढून टाकला होता, पण फक्त माझ्यासाठी निघाला,’ असं मी पुटपुटलो, तेवढ्यात शिपाई निरोप घेऊन आला, दोघांना केबिनमध्ये बोलावलंय.

आमचे प्राचार्य मितभाषी. ग्रुपवर त्यांनी माझ्या मेसेजला उत्तर म्हणून फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं. पण त्याखाली संस्थेच्या चिटणीसांनी ‘हा काय प्रकार आहे?’ असं विचारलं होतं, त्यामुळे प्राचार्यांना बोलणं भाग होतं.

“मॅडम, मूल कार्यालयात आणायला परवानगी नाही.”

“हो सर.”

“आणि ते चॅनल. कामाच्या वेळात शोभत नाही. आजच बंद करा.”

“हो सर.”

“तुमचा करार महिनाअखेर संपतोय. शेरा मला लिहायचा आहे. बघू.”

त्या ‘बघू’मध्ये काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मॅडम अकरा महिन्यांच्या करारावर होत्या आणि असे ‘बघू’ मी स्वतः टाइप केलेले आहेत. त्यांच्यापुढे ‘सेवा संपुष्टात’ असे दोनच शब्द येतात. मी मान खाली घालून टेबलाच्या काचेत माझंच टक्कल बघत राहिलो. साहेब, ती थट्टा होती, बाईंच्या कामात खोट नाही, एवढं बोलायला किती वेळ लागतो? मला त्या दिवशी जमलं नाही. नंतर दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा कुठल्यातरी फाइलवर सही घेऊन परत आलो. घरी बायकोने विचारलं, “चेहरा का उतरलाय?” मी म्हणालो, पित्त.

चॅनल बंद करण्याआधी मॅडमनी शेवटचा व्हिडिओ टाकला. “आजची चूक,” त्या हसत म्हणाल्या. “एका काकांनी घरच्या माणसाचा मेसेज भलतीकडेच पाठवला. मेसेज कसाही असो, पाठवायच्या आधी वरचं नाव बघायचं. आणि काढून टाकताना कोणासाठी काढतोय तेही वाचायचं. आता ही खिडकी मोबाइलवर बंद. ज्याला विचारायचं त्यानं उद्यापासून कॉलेजच्या खिडकीवर या. घाबरू नका. कागदाला काय घाबरायचं? पावसात धरा, तो आपल्याआधी गळतो.”

मला ‘काका’ म्हटल्याचं तेवढं लागलं. तोपर्यंत मी ‘दादा’मध्ये मोडतो अशी माझी समजूत होती.

कॅन्टीनवाले भाई म्हणाले, “साहेब, आपल्या चुकीला लाइक लय हायत.”

*

लोक मॅडमचं ऐकायचे हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण, आणि त्याचा फटका आम्हाला दुसऱ्या दिवशी बसला. या म्हटल्यावर लोक आले. मोर्चा नव्हता, घोषणा नव्हत्या, सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे. रसायनीहून आले, कळंबहून टेंपोत बसून आले, एकेका मुलाबरोबर चुलता, आत्या आणि शेजारी. प्रत्येकाचा एकच प्रश्न, आणि तोही ज्याचं उत्तर मॅडम एका मिनिटात सगळ्या तालुक्याला द्यायच्या. आता ते उत्तर आम्ही दोघं एकेकाला देत होतो. दुपारपर्यंत माझा आवाज बसला. दुसऱ्या दिवशी रांग व्हरांड्यातून खाली उतरली. तिसऱ्या दिवशी ती प्राचार्यांची गाडी लावायच्या जागेवर पोहोचली आणि गाडी गुलमोहराखाली चिखलात उभी करावी लागली.

त्यात लोक मला त्यांच्या भाषेत विचारायचे. “काका, चाळ जुनी चालंल का?” चाळ कुठली, कोणाची, माझ्या ध्यानात यायला क्षण जायचा. मी म्हणायचो, “उत्पन्नाचा दाखला म्हणा.” तो म्हणायचा, “त्याच चाळीचं इचारतोय ना!”

मॅडम मात्र नेहमीसारख्याच. मनूला त्यांनी सासूबाईंबरोबर शेतावर धाडायला सुरुवात केली होती. “बांधावर छत्री लावून बसवतात तिला. काल सासूबाई म्हणाल्या, ही पोरगी रोपांच्या जुड्या तपासतेय, आखूड असली की परत पाठवते.” त्या हसल्या, पण बोलता बोलता त्यांनी पायाने टेबलाखालची चटई चाचपलेली मला दिसली. चटई मी उचलून कपाटात ठेवली होती, चिटणीस येतील या धास्तीने. मला माझीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी, चिखलातून बूट सोडवत प्राचार्य व्हरांड्यात चढले तर पायरीवर एक म्हातारी बसलेली. पोटऱ्यांवर लावणीचा गारा तसाच वाळलेला, डोक्यावर इरलं, मांडीवर साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी.

“काय रं, ती बाय कुठं हाय? मोबाईलात बोलतंय ती.”

“काय काम आहे आजी?”

“तू कोण?”

“मी इथला प्राचार्य.”

“मंग तुला ठावं असंल. हे बघ बरोबर हाय का.” म्हातारीने पिशवी त्यांच्या हातात दिली. “नातीचं हाय. ती लावणीला गेल्ये, म्हनून मी आले.”

प्राचार्यांनी पिशवीतले कागद काढले. मी खिडकीतून बघत होतो. वर उतरंड, तिच्याखाली शाळा सोडल्याचा दाखला, मग जातीचा, मग चाळ, आणि सगळ्यात शेवटी रुसलेली तारीख, या वर्षाची. प्रत्येकाच्या मागे दोन झेरॉक्स. आमच्या तपासणी तक्त्यात जो क्रम आहे तोच. हा क्रम पदवीधर पालकांनासुद्धा लागत नाही.

“हे कोणी लावून दिलं?”

“कोन लावणार? मीच लावलं.”

“तुम्हाला वाचता येतं आजी?”

“छ्या! मला शाळा कुठं दिसल्ये?” म्हातारी हसली. “मोबाईलात ती बाय सांगतंय ना, तिच्याबरुबर एक बारकी पोरगी हाय. बाय नुसतं सांगतंय, आन पोरगी हात वर करून बरोबर कागूद देतंय. मी बोलले, एवढीशी पोर वळखतंय, तर मला काय धाड भरल्ये? आता दिसत नाय ते मोबाईलात. पन मी पाठ केलंय.”

प्राचार्य पिशवी तशीच हातात घेऊन खिडकीशी आले. “भाऊसाहेब, त्या मुलीचं टेबलाखाली नक्की काय काम असायचं?”

आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबांना खरं उत्तर दिलं. “साहेब, मला माहीत नाही. मी अकरा महिने शेजारी बसलो, पण विचारलं नाही. आणि तो मेसेज म्हणजे माझा गाढवपणा होता.”

“ते ग्रुपवर सगळ्यांना कळलंय,” ते म्हणाले. “मॅडम?”

मॅडम उठून उभ्या राहिल्या. “सर, मनूला वाचता येत नाही. म्हणून मी आधी तिला सांगून बघायची. तिने ऐकून बरोबर कागद उचलला, तर माझं बोलणं पक्कं. चुकीचा उचलला तर तिची चूक नाही, माझं सांगणं कच्चं. मग मी परत लिहायची. तिने पास केल्याशिवाय एकही व्हिडिओ टाकलेला नाही.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “घरी हे करायला वेळ कुठे असतो, सर? तिथे ती झोपते किंवा मी.”

पायरीवरून म्हातारी ओरडली, “सायेब, माजं बरोबर हाय का नाय ते सांगा. रोपं सुकतायत तिकडं.”

“बरोबर आहे आजी,” प्राचार्य म्हणाले. मग मॅडमना, “उद्या घेऊन या तिला. माझ्या केबिनमध्ये.”

*

दुसऱ्या दिवशी केबिनमधल्या काचेच्या टेबलावर प्राचार्यांनी दहा-बारा कागद पत्ते पिसावेत तसे पसरले. मनू दप्तर पाठीला लावूनच उभी. दोन्ही पायांत मोजे होते, प्रसंगच तसा होता. मॅडमचा चेहरा मी कधी नव्हे तो पांढराफटक बघितला. महिनाअखेरीला तीन दिवस उरले होते.

“आधी भाऊसाहेब,” प्राचार्य म्हणाले. “नॉन-क्रिमिलेअर द्या.”

मी बावीस वर्षं हे कागद हाताळतोय. चष्मा खिडकीवर राहिला होता, पण म्हटलं, त्याची काय गरज आहे? रुबाबात एक कागद उचलून पुढे केला.

मनूने टाचा उंचावून बघितलं. “ही चाळ हाय,” ती म्हणाली. मग आईकडे वळून, जरा हळू आवाजात, “काकांना येत नाय.”

प्राचार्यांच्या चेहऱ्यावरचा एक स्नायू हलला. “मग तू दे.”

“काय देऊ?”

तिला नॉन-क्रिमिलेअर हा शब्दच ठाऊक नव्हता. प्राचार्यांनी मॅडमकडे पाहिलं. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी मग घसा साफ केला, एकदा दाराकडे बघून घेतलं आणि म्हणाले, “ती… रुसलेली तारीख.”

मनूने बोट फिरवलं, एक कागद ओढला आणि त्यांच्या हातात दिला. बरोबर. मग उतरंड मागितली, बरोबर. चाळ मागितली तर माझ्या हातातून काढून घेतली. चौथा कागद दिल्यावर तिला परीक्षा संपली असं वाटलं असावं. तिने दप्तर काढलं, बूट काढले आणि सवयीने टेबलाखाली गेली. प्राचार्यांच्या टेबलाखाली.

मॅडम धावल्या, “मनू, बाहेर ये! सर, सॉरी सर…”

प्राचार्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली, पाय बाजूला केले आणि हात वर करून मॅडमना थांबवलं.

“असू दे,” ते म्हणाले.

हे दोन शब्द मी त्याच संध्याकाळी आदेशाच्या भाषेत टाइप केले. चॅनल पूर्ववत सुरू करण्यात यावे. अंगणवाडीनंतरच्या वेळेत कन्येस खिडकी क्रमांक दोन येथे बसण्यास हरकत नसावी. करार पुढे चालू. ‘उपरोक्त’ एकदाही वापरला नाही. वरचं नाव तीन वेळा तपासलं. चटई मी स्वतः कपाटातून काढून झटकून पसरली. मनूने तिच्यावर बसून मला विचारलं, “काका, तुला शिकवू?”

मी शिकलो. पुढच्या वर्षी एकदा मॅडम रजेवर असताना मी व्हिडिओसुद्धा केला. मिनिटभर छान बोललो. मागाहून कळलं, मोबाइल उलटा धरल्यामुळे सगळ्यांना फक्त छताचा पंखा दिसला. खाली एका बाईने लिहिलं होतं, ‘आवाज चांगला हाय, थोबाड दाखवा.’ आणि आमचे प्राचार्य हल्ली विभागप्रमुखांच्या बैठकीत, गंभीर चेहऱ्याने, विचारतात, “रुसलेल्या तारखा बघून घेतल्यात ना?”

*

यंदा मॅडमना अलिबागकडच्या एका कॉलेजात कायमची नोकरी लागली. निरोप समारंभाला त्यांनी आग्रहाने माझ्या बायकोलाही बोलावलं. सासूबाईंनी सगळ्यांसाठी वालाची उसळ आणली होती, भाईंनी भजी केली, आणि पहिलीत गेलेल्या मनूने फलकावरची सूचना मोठ्याने वाचून दाखवली. आता ती सूचना चार ओळींची असते.

मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. “या खिडकीने मला खूप दिलं,” त्या म्हणाल्या, “पण हे सगळं टिकलं ते एका काकांच्या चुकीमुळे. त्यांनी तो फोटो टाकला नसता, तर मनू टेबलाखाली काय करते ते कोणाला कधी कळलंच नसतं.” आणि मग सगळी गोष्ट. कपाटाआडचा फोटो, नटी, रामभरोसे, फक्त माझ्यासाठी काढून टाका, सगळी. लोक पोट धरून हसत होते. माझ्या शेजारी बायको बसली होती. गेली दोन वर्षं मी तिला यातलं एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. पित्तावर तिने तेव्हा मला आठ दिवस कोकमाचं सार पाजलं होतं.

स्कूटरवरून घरी येताना खालापूरपर्यंत तिने माझा खांदा सोडून मागची दांडी धरली होती. मी म्हटलं, आता गाडी थांबवून उतरते की काय. पण मग मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली,

“अहो, म्हणजे तो मेसेज मला पाठवायचा होता ना? मग मला तो अजून आलेला नाही. आता पाठवाच. पण त्या बाईंबद्दल नीट, सगळं लिहा, चार ओळींत उरकू नका. आणि पाठवायच्या आधी वरचं नाव मला दाखवा.”